घर पाहावं आंघोळ करून

"मास्तर, टॉवेल आणलाय न्हवं?"

आक्कांनी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझ्या हातात नव्या फ्लॅटच्या किल्ल्या होत्या, पेढ्यांचा पुडा होता, टॉवेल तेवढा नव्हता. शाळेतून निवृत्त होताना मिळालेली पुंजी मी उचगावातल्या एका लहानशा फ्लॅटमध्ये घातली होती. भाड्यानं द्यायचा आणि निवांत बसायचं, एवढीच अक्कल. आमच्या गल्लीतल्या या आक्कांच्या घरामागं दोन बिऱ्हाडं वर्षानुवर्षं भाड्यानं राहत आलेली, म्हणून फ्लॅट दाखवायला मुद्दाम त्यांना घेऊन गेलो. वाटलं, तोंडभर कौतुक करतील.

त्यांनी हॉल पाहिला नाही, गॅलरी पाहिली नाही. सरळ बाथरूमच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. बाथरूमला त्या मोरीच म्हणत. "ज्या मोरीत आपण आंघोळ केली न्हाई, ती दुसऱ्याला भाड्यानं द्यायची न्हाई," म्हणाल्या. घर पाहावं बांधून, असं जुनी माणसं सांगून गेली. आक्कांचं म्हणणं, बांधलेलं कुणीबी बघतंय, घर पाहावं आंघोळ करून.

दुसऱ्या दिवशी खांद्यावर टॉवेल आणि हातात साबणाची डबी घेऊन हा निवृत्त गृहस्थ जिना चढला, तेव्हा अख्खी बिल्डिंग दारात येऊन बघत होती. आक्का हॉलमध्ये रंगाच्या उपड्या डब्यावर बसल्या. मी दोन बादल्या अंगावर घेतल्या असतील नसतील, तोच बाहेरून आवाज आला, "मास्तर, पंचगंगा भायेर आली की."

बघतो तर पाणी जाळीकडं जायचं सोडून दाराखालून हॉलमध्ये निघालेलं. फरशीचा उतारच उलटा. गवंडी बोलावून कोऱ्या फरश्या फोडाव्या लागल्या. घर नांदायच्या आधीच फोडणारा पहिला मालक म्हणून आमच्या घरी माझं नाव झालं ते झालंच.

गवंडी काम करत होता तेव्हा आक्का त्याच डब्यावर बसून बघत होत्या. मग म्हणाल्या, "बंगळूरचं पोरगं म्हणतंय, आई, तुझ्यामागं बिऱ्हाडं उठवून कुलूप लावून टाकतो, ती कटकट नको. मास्तर, मला मरायचं भ्या न्हाई. कुलपाचं हाय." मी काहीतरी समजुतीचं बोललो. त्यांनी ते ऐकलं नाही, गवंड्याला सिमेंट घट्ट कालवायला सांगितलं.

पुढं गिऱ्हाईकं येऊ लागली. त्यात एक नर्स आली, नवरा फाउंड्रीत कामाला, सोबत काठी टेकत चालणारी सासू. माणसं बौद्ध होती. नाव सांगितल्याबरोबर त्यांना दोन ठिकाणी नकार मिळाला होता, हे त्या मुलीनं आडपडदा न ठेवता आधीच सांगून टाकलं. सोसायटीचे सेक्रेटरी मला जिन्यात गाठून म्हणाले, "आडनावाचं बघा जरा मास्तर, चांगली सोसायटी आहे आपली." आक्का मागून येत होत्या.

"आडनाव भाडं देतंय व्हय?" त्यांनी जिन्यातच विचारलं. त्यांचा आवाज म्हणजे तिन्ही मजल्यांना एकदमच आमंत्रण. सेक्रेटरींना अचानक दूध आणायचं आठवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ती पोरगी काय विचारत हुती ते ऐकलासा का? कपडे वाळत घालायची दोरी कुठं बांधू, म्हणाली. दोरीचं विचारतंय ते माणूस ऱ्हायला आलंय. गॅलरीतनं काय दिसतंय विचारतंय ते नुसतं बघायला आलंय."

ती माणसं आजही तिथंच आहेत. सासूबाई बाथरूममध्ये बिनधास्त जातात, पायाखाली पाणी साचत नाही. सेक्रेटरींचं इंजेक्शन आता हीच नर्स देते आणि ते मुकाट्यानं घेतात.

तुमच्यापैकी कुणी नुकतंच घर घेतलं असेल तर आक्कांच्या आणखी दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. करार आधी नोंदवायचा, पोलिसात माहिती द्यायची, पेढं मागनं. किल्ली दिली की ते घर भाडेकरूचं, आपण कडी वाजवून थांबायचं. आणि भाड्याच्या दिवशी दारात जायचं नाही. त्या एरवी कधीतरी जात, पदराखाली वाटी झाकून. "माझं त्वांड दिसलं की माणसाला धस्स व्हायला नगं," म्हणत. त्या वाटीत बहुतेक वेळा हिरव्या मिरचीचा खर्डा असे, त्यामुळं धस्स व्हायचं ते जेवताना.

गेल्या दिवाळीनंतर आक्का गेल्या. फार दिवस अंथरुणात पडल्या नाहीत, हेच त्यांच्या स्वभावाला धरून झालं.

बंगळूरचा मुलगा आला. आईच्या घरात बसवत नाही म्हणून लॉजवर उतरला होता. दिवसकार्य उरकलं आणि तो नवं कोरं कुलूप घेऊन आला. दोन्ही बिऱ्हाडं कट्ट्यावर येऊन बसली, कुणी भांडलं नाही. मला फार वाईट वाटलं. उठून घरी गेलो आणि धुतलेला टॉवेल घेऊन परत आलो.

"कुलूप लावायचं तर लावा, घर तुमचं आहे," मी म्हणालो. "पण आधी आत आंघोळ करा."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मास्तरांचं वय झालंय. पण मागच्या बिऱ्हाडातल्या वहिनींनी एव्हाना उठून बंब पेटवलासुद्धा. जळत्या ढलप्यांचा वास अंगणात आला, तसा तो चपला काढून टॉवेल घेऊन आत गेला. आम्ही बाहेर बसून राहिलो. बराच वेळ तांब्याचा आणि पाण्याचा आवाज येत होता. मग पाण्याचा थांबला, तरी तो बाहेर आला नाही.

आला तेव्हा केस ओले होते आणि डोळे लाल. पायरीवर बसला. शेजारी कुलपाचा खोका होता, तो त्यानं पायानं थोडा बाजूला सारला.

"टॉवेलची खुंटी अजून खालीच आहे," तो म्हणाला. "मी लहान असताना आईनं मारलेली."

तो उठला, मागच्या अंगणात गेला आणि आक्कांच्या दोरीवर ओला टॉवेल नीट पसरून वाळत घातला.

"ही दोरी काढू नका, मास्तर," तो म्हणाला. "आईच्या खोल्यांत जे राहायला येतील, त्यांना लागेल."