माती नेणारी बाई

२०२२ साल. मी एकाहत्तरचा, माझ्या हिशेबानं. शाळेचा दाखला काहीही म्हणो. त्या पावसाळ्यात कुंभारीच्या आमच्या बांधावर जुळे सोलापुरातून स्कूटरवर एक बाई यायला लागली. कॉलेजात शिकवायची. वारुळाशेजारी अळंबी फुललेली, आणि ही बाई अळंबी सोडून तिच्या बुडाची माती पिशवीत भरून न्यायची. मी तिला तोंडावरच मातीवाली म्हणायचो.

एका जागी तिला दम नव्हता. चहाचा कप हातात घेऊन बांधावर येरझाऱ्या. "आबा, ऊन वाढलं का? कालच्यापेक्षा उमलली का?"

"बाळंतीण हाय का ती, घडोघडी बघायला?" मी म्हणायचो.

आमच्याकडं अळंबीला बोट दाखवत नाहीत, सडते. मूठ वळून दाखवायची. पहिल्याच दिवशी तिनं बोट केलं, मी ओरडलो. हसली. पण पुढं फोनवर कुणाला "ती पलीकडची" सांगतानाही तिची मूठ वळलेलीच असायची.

एकदा विचारलं, "मातीत काय पुरलंय?"

"अळंबीचे पांढरे धागे असतात आबा. त्यांना जिवाणू चिकटून राहतात. अळंबी त्यांना साखर देते, ते हवेतलं नत्र धरून तिला देतात."

"म्हंजे शेजाऱ्यांची उसनवारी."

"व्हय की!" माझ्याच सुरात म्हणाली.

मी मान हलवली नाही. शिकवलेलं लगेच पटलं असं दाखवणं मला जमत नाही. काळा मसाला घालून अळंबीचं कालवण तेवढं खाऊ घातलं. घाम पुसत दोनदा वाढून घेतलं तिनं.

पोराला वारुळात औषध ओतून बांधावर तणनाशक मारायचं होतं. ती म्हणाली, "पुढच्या पावसाळ्यात मला हीच माती परत लागेल. औषध पडलं तर जिवाणू राहतील न राहतील." मी पोराला म्हणालो, "बांध माझा हाय." वर्षभर तो धुसफुसत राहिला.

पुढच्या पावसाळ्यात अळंबी आली, बाई आली नाही. मी बांधावर जायचो, रस्त्याकडं बघायचो, परत यायचो. एका संध्याकाळी फोन आला. बदली झाली होती, लांब नागपूरकडं.

"काम थांबलं आबा. माझ्यासाठी बांध अडवू नका आता. मारू द्या त्याला औषध."

"तुझ्यासाठी कोण अडवतंय?" म्हणालो आणि फोन ठेवला. भाकरी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोराच्या आधी बांध गाठला. तो पाठीला पंप अडकवून आला. "आबा, उठा. बाई काय येत न्हाय आता."

"ठावं हाय," म्हणालो, आणि वारुळापुढं पाय पसरून बसलो.