ताट कोणी फेकलं

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, उरलेल्या वेळात लिहिते आणि जे लिहिते ते एकटीच उभी राहून लोकांना करून दाखवते. शहरात याला एकपात्री प्रयोग म्हणतात. आमच्याकडे म्हणतात, बाई एकटीच बडबडते.

या बडबडीची सुरुवात किहीमला झाली. मुंबईच्या एका दिग्दर्शकांचा तिथं नारळीच्या वाडीत बंगला आहे. त्यांनी तीन दिवसांचं शिबिर ठेवलं होतं, स्वतःच्या आयुष्यातून नाटक कसं काढायचं त्याचं. आम्ही बाराजण चटयांवर बसलो. सरांनी डोळे मिटले आणि सांगितलं, की प्रत्येकानं आपापली जखम शोधायची. एकीचा घटस्फोट झाला होता. एकाला वडिलांनी घराबाहेर काढलं होतं. एक मुलगी तर तोंड उघडायच्या आधीच रडायला लागली आणि सरांचा चेहरा उजळला. माझी मात्र पंचाईत झाली, कारण माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. वडिलांचं मिठागर होतं, दोन्ही वेळा ताटात मासळी होती, शिक्षण झालं, नोकरी लागली. नवरा थळच्या कारखान्यातून खताच्या गोण्या वाहणारा ट्रकवाला, पण घरी असला की कपडे वाळत घालतो, आणि माझ्यापेक्षा नीट घालतो. असल्या माणसावर कसलं नाटक होतंय, कपाळ!

सर म्हणाले, खोल जा. मी गेले खोल. तिथं एक ताट सापडलं.

लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती, आम्ही त्याच्या गावच्या घरी राहायचो. रविवारची दुपार होती. माझी पहिली एकांकिका तालुक्याच्या स्पर्धेला पाठवायची होती आणि पोहोचवायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. एका हातानं मी पानं उतरवत होते, दुसऱ्या हातानं कोलंबीचं कालवण ढवळत होते. तेवढ्यात नवरा न सांगता चार ड्रायव्हर जेवायला घेऊन आला. ते पडवीत बसले, सासूबाई त्यांना पाणी द्यायला गेल्या. हा ताटं न्यायला आत आला, बोट बुडवून कालवण चाखलं आणि हळूच म्हणाला, "मीठ न्हाय गो."

आता बघा. मी मिठागरवाल्याची मुलगी. आमच्या घरी कालवणाची चव घेऊन मीठ घालणाऱ्या बाईला हसायचे. हाताला अंदाज पाहिजे म्हणायचे. चालायला शिकले ती मिठाच्या राशींच्या मधून. आणि मला हा सांगणार मीठ नाही म्हणून! तळपायाची आग मस्तकाला गेली. वाढलेलं ताट उचललं आणि फेकलं. निम्मं भिंतीवर गेलं, निम्मं त्याच्या शर्टावर. वाईट याचं, की मीठ खरंच नव्हतं. लिहिण्याच्या नादात मी घालायचंच विसरले होते.

मागच्या दारानं निघाले आणि ड्रायव्हर जाईपर्यंत विहिरीवर जाऊन बसले. नंतर त्या ताटाबद्दल घरात कोणी अक्षर काढलं नाही. सासूबाई मात्र महिनाभर घुम्या झाल्या. मला मुकाट्यानं वाढायच्या, आणि मला त्यांचं ते मुकाट्यानं वाढणंच जास्त झोंबायचं.

शिबिरात मी हे असंच्या असं सांगितलं. सगळे पोट धरून हसले, सर सोडून. ही तर गंमत झाली, जखम कुठं आहे, असं ते म्हणाले. मग पुन्हा डोळे मिटले आणि विचारलं, "आणि तेच ताट त्याच्या हातात असेल तर?"

अंगावर काटा आला हो माझ्या, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांत नाटक तयार. नवरा ताट फेकतो आणि बायको गुडघ्यांवर बसून, एक शब्द न बोलता, चार मिनिटं भाताची शितं वेचत राहते. सरांनी मला मिठी मारली. इतकं अस्सल आणि इतकं स्वतःचं त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं म्हणे.

घरी येऊन वही नवऱ्यासमोर ठेवली. ताटाच्या जागी तो थांबला आणि एकटाच हसला. काय झालं विचारलं तर काय न्हाय म्हणाला. पूर्ण वाचून झाल्यावर त्यानं एकच सूचना केली, की भात मोकळा शिजव, गोळा झाला तर वेचायला यायचा नाही. मला खात्री होती की तो भांडेल. मी भांडणाची तयारीसुद्धा करून ठेवली होती. ती फुकट गेली.

पुढं लग्नसराईत आमचा लाइटवाला ऑर्केस्ट्राबरोबर निघून गेला, तेव्हा नवराच लाइट शिकला. ताटाच्या प्रसंगाला लाल प्रकाश टाकायची कल्पना त्याचीच. म्हणजे हा माणूस दर प्रयोगाला मागं बसून, स्वतःला व्हिलन ठरवणाऱ्या प्रसंगावर स्वतःच्या हातानं लाल उजेड सोडायचा. अलिबाग झालं, पनवेल झालं, पुणं झालं. प्रयोगानंतर बायका माझा हात हातात घेऊन डोळे पुसायच्या. एका बाईंनी तर वायरी गुंडाळणाऱ्या याला विचारलं, भाऊ, तुम्ही रोज बघता, तुम्हाला त्या नवऱ्याबद्दल काय वाटतं? तो म्हणाला, मार खायच्या लायकीचाय. बाईंना ते अगदी पटलं. हे सांगून तो वडखळ येईपर्यंत हसत होता आणि त्याच्याबरोबर मीही हसले. आत कुठंतरी टोचायचं, नाही असं नाही, पण टाळ्या फार होत्या. एका पेपरात 'निर्भीड आत्मकथन' असं छापून आलं. ते कात्रण मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

आणि मग त्याच्या गावच्या जत्रेचं बोलावणं आलं. तिथं माझी पाचावर धारण बसली. शहरात त्याला कोण ओळखतंय? गावात तो कुणाचा भाचा, कुणाचा शाळासोबती. अडल्या-नडल्याला ट्रक घेऊन धावणारा माणूस म्हणून त्याचं नाव. एका संध्याकाळीत तो बायकोवर ताट फेकणारा ठरणार होता. शिवाय त्या दुपारचे सगळे साक्षीदार तिथंच, सासूबाई आणि चारही ड्रायव्हर. म्हणजे एकतर त्याची अब्रू जाणार, नाहीतर मी खोटारडी ठरणार. मी नकार कळवायला फोन उचलला, तर यानं आधीच होकार देऊन ठेवलेला.

"आई फुडं बसणार हाय," तो म्हणाला. "तिनं तुझं एकदाबी बघितलं न्हाय."

सरांना फोन केला. ते म्हणाले, कलेचं सत्य वेगळं असतं. सरांचं काय जातंय सांगायला, त्यांची सासू थोडीच पहिल्या रांगेत बसणार होती.

पालखी देवळात परतली आणि शाळेच्या मैदानात प्रयोग सुरू झाला. रंगायला मला चौथीचा वर्ग दिला होता. तिथंच, तोंडाला पावडर लावताना, मी ठरवलं की आज खरं करायचं. नवऱ्याला सांगितलं नाही. ड्रायव्हरांनी हे तेव्हाच गावभर केलं असणार, त्यामुळं लोक हसतील, आपलंही हसं होऊन जाईल आणि सुटेन एकदाची, असा माझा हिशेब. त्या हशासाठी मी वाक्यानंतर थोडी जागासुद्धा सोडून ठेवली.

प्रसंग आला. मी पुढं होऊन म्हणाले, "मीठ नव्हतंच. मी घालायला विसरले होते. आणि ताट त्यानं नाही, मी फेकलं." असं म्हणून ताट फेकलं.

कोणी हसलं नाही. लाल उजेडही आला नाही. मी सोडलेली जागा तशीच मोकळी राहिली. चार ड्रायव्हरांपैकी दोघं मान वळवून मागं बघायला लागले. मग पहिल्या रांगेतून सासूबाई उठल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांनी तोंड केलं ते मागं, लाइटच्या दिशेला.

"आरं, मंग तू सगळ्यांना का सांगितलंस, माझा हात सुटला, मीच ताट फेकलं म्हणून? महिनाभर बोलले न्हवते मी तुझ्याशी."

मागून त्याचा आवाज आला, "आये, बस खाली. नाटक चालू हाय."

मी तिथंच उभी. म्हणजे मी विहिरीवर बसले होते, तेव्हा हा भिजलेल्या शर्टानं पडवीत जाऊन सगळं आपल्या अंगावर घेऊन मोकळा झाला होता. गावाला अठरा वर्षं तेच ठाऊक होतं. तो महिनाभराचा अबोलाही माझ्यासाठी नव्हता. आणि ज्या प्रसंगासाठी लोकांनी माझे हात हातात घेतले, पेपरवाल्यांनी मला निर्भीड म्हटलं, सरांनी मिठी मारली, तो नवऱ्यानं माझ्या कितीतरी आधी, चार ड्रायव्हर आणि एका आईसमोर करून टाकला होता. टाळ्या न घेता.

लोक माझ्याकडे बघत होते. पुढं काय करायचं ते मला सुचेना, म्हणून संहितेत होतं तेच केलं. गुडघ्यांवर बसले आणि एकेक शीत वेचायला लागले. वेचता वेचता लक्षात आलं, त्या दुपारचा भात भिंतीवरून, जमिनीवरून कोणी वेचला, हे अठरा वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.