करपट नव्हे, खरपूस

चष्म्याच्या दुकानात छानरावांचा हात धरणारं कोणी नव्हतं. गिऱ्हाइकाने फ्रेम नाकावर चढवून आरशात पाहिलं की ते अर्धं पाऊल मागे सरत, मान किंचित कलती करत आणि म्हणत, "छान!" लांबट चेहऱ्याला छान, गोल चेहऱ्याला छान, आणि ज्या चेहऱ्याला फ्रेम काय आरसाही नको, त्यालाही छान. नाव दुकानातल्याच लोकांनी ठेवलं, आणि ते असं चिकटलं की पोस्टमनही त्याच नावाने हाक मारायला लागला.

माणूस खोटारडा नव्हता बरं का. समोरच्याचा पडलेला चेहरा त्यांना बघवत नसे, एवढंच. 'छान' म्हटलं की कसा लख्ख उजेड पडतो, हे त्यांनी लहानपणीच हेरून ठेवलं होतं. पुढे धंदाही असा मिळाला की या सवयीचा पगार मिळे. मग ती सुटणार कशाला? घरी आल्यावर कोट खुंटीवर जाई, सवय अंगावरच राही.

त्यांची बायको बेकरीच्या काउंटरवर उभी राहायची आणि तिचा स्वभाव म्हणजे दुसरं टोक. "पाव ताजा आहे का हो?" असं कोणी विचारलं तर ती म्हणे, "सकाळचा आहे. आता दुपार झालीय. बघा, ठरवा." अशा बाईला अशा माणसाशी संसार कसा जमला, हे मलाही पुरतं उलगडलेलं नाही. पण जमला, आणि चांगला जमला. एक बीअर सोडली तर.

घरी बीअर करायचं वेड बाईंना कुठून लागलं देव जाणे. बार्ली, हॉप्स, यीस्ट एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "बाजारात मिळते तशीच करायची असेल तर बाजारात मिळतेच की," हा त्यांचा सवाल. म्हणून मग बीटाची बीअर झाली. काकडीची झाली. पाइनच्या कोवळ्या सुयांची झाली. अळंबीची झाली. मागच्या खोलीत झाकण लावलेल्या बादल्या दिवसभर गुडगुड करत, आणि पाहुण्यांना वाटे की घरात कोणाचं तरी पोट बिघडलंय.

बादली तयार झाली की छानराव स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसत. बायको पेल्यात दोन बोटं ओते आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राही. ते घोट घेत, भुवया उंचावत आणि म्हणत, "छान!"

या छानपायीच मागच्या वर्षी घात झाला. चौकातल्या पबची मालकीण वर्षातून एकदा मागच्या गोदामात टेबलं मांडते. घरी बीअर करणाऱ्यांनी आपापलं पिंप घेऊन यायचं, अट एकच, बीअरमध्ये कोणी घालणार नाही असं काहीतरी घातलेलं असावं. तिला जी आवडेल ती पबच्या मोठ्या टाकीत करून वर्षभर विकायची. बाई नवऱ्याच्या भरवशावर अळंबीची बीअर घेऊन गेल्या. मालकिणीने एक घोट घेतला आणि पेला अलगद टेबलावर ठेवला. एका सभ्य गृहस्थांनी आपला पेला कुंडीत रिकामा केला. बाईंनी ते पाहिलं. त्यानंतर त्या नवऱ्याला चव विचारायच्या, पण उत्तर ऐकायला थांबायच्या नाहीत.

यंदा त्यांनी शेवटचा डाव टाकला होता. बेकरीत उरलेल्या पावांच्या कडा घरी आणायच्या, ओव्हनमध्ये काळपट होईपर्यंत भाजायच्या आणि बार्लीबरोबर उकळायच्या. "ही नाही जमली तर पातेली विकून टाकते," असं त्यांनी जाहीर केलं होतं, आणि त्या बोललेलं मागे घेत नसत. छानरावांच्या जिवाला तेव्हापासून घोर लागला होता. बादल्यांची गुडगुड थांबली तर हे घर किती मुकं होईल, हे त्यांना कळत होतं. गुडगुडीइतकीच बायकोची बडबडही बादल्यांपाशीच रंगायची ना!

गोदामातली टेबलं रविवारी दुपारी लागणार होती. सकाळी छानराव दाढी करत होते, तोच मागच्या दारी धातू घसटल्याचा आवाज आला. गालाला फेस तसाच ठेवून ते धावले. बायको पिंप ओढत मोरीकडे नेत होती.

"अगं, काय करतेस?"

"ओतून टाकतेय. करपट झालीय. पाव जास्त भाजला गेला."

"मला चव तरी बघू दे!"

"तुम्ही?" त्या हसल्या, आणि त्या हसण्यात काही गोड नव्हतं. "बघा बापडे."

त्यांनी पेलाभर काढून दिली. गर्द तपकिरी रंग, वर दाट फेस. छानरावांनी सवयीने घोट घेतला, सवयीने भुवया उंचावल्या, आणि भुवया तिथेच अडकल्या. आधी आली पावाची भाजकी कड, ओव्हनचं दार उघडल्यावर येतो तो वास, पण जिभेवर. मग थोडी साखर जळल्यासारखी गोडी. मग कडू, पण शहाणं कडू, वेळेवर येऊन वेळेवर निघून जाणारं. घोट संपला तरी तोंडात ऊब राहिली. त्यांनी दुसरा घोट घेतला. अंगावर सरसरून काटा आला. ही जमली होती! अशी जमली होती की त्यांना पिंपाला मिठी मारावीशी वाटली, आणि तोंडातून निघालं काय?

"छान!"

बायकोने पिंप तिरकं केलं.

"थांब! अगं थांब! खरंच छान आहे!"

"बीटाचीही खरंच छान होती."

"नव्हती!" छानराव ओरडले.

बाईंचा हात थांबला. इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता.

"बीटाची म्हणजे कुंडी चाटल्यासारखी होती," छानराव म्हणाले. आता बांध फुटला होता. "काकडीची म्हणजे फुलदाणीतलं शिळं पाणी. पाइनची प्यायल्यावर मला वाटलं, फरशी पुसायचं औषध चुकून पेल्यात आलं. आणि अळंबीची..."

"अळंबीचीसुद्धा?"

"ओले मोजे," छानराव म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

बायकोचा चेहरा पडला असेल, ती रडत असेल, माहेरी फोन लावत असेल, असं काय काय त्यांच्या मनात येऊन गेलं. त्यांनी एक डोळा किलकिला केला. बाई लालबुंद होऊन उभ्या होत्या.

"ओले मोजे! आणि तुम्ही मला ते मोजे चारचौघांत मिरवायला पाठवलंत!"

"चुकलं. फार चुकलं. तुझा चेहरा पडलेला बघवत नाही मला. पण म्हणूनच सांगतो, ही ओतू नकोस. ही करपट नाही."

"मग काय आहे?"

काय आहे? एकाच शब्दावर आयुष्य काढलेला माणूस, ऐन वेळी दुसरा आणणार कुठून? त्यांनी आणखी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, आभाळाकडे पाहिलं. आणि सापडला! ते टाचा उंचावून जवळजवळ किंचाळलेच.

"खरपूस! अगं, खरपूस आहे ही! करपट म्हणजे हात मागे येतो. ही प्यायली की हात पुढे जातो. बघ माझा हात!"

खरंच त्यांचा हात पेला पुढे धरून उभा होता. बाईंनी तो पेला घेतला. या वेळी त्यांनी भीतभीत नाही, तर बेकरीत पाव हातात घेऊन पारखावा तशी चव घेतली. मग पिंपाचं झाकण घट्ट आवळत म्हणाल्या, "फेस पुसा आधी गालाचा. उशीर होतोय."

पिंप बाजारहाटाच्या ढकलगाडीवर दोरीने बांधून दोघं निघाली. रस्त्यात जिथे जिथे दगड वर आला होता तिथे छानराव "हळू, हळू" करत गाडी उचलून धरत, आणि बायको म्हणे, "बाळंतपणालासुद्धा मला इतक्या हळू नेलं नव्हतं तुम्ही." तिने चेष्टा केली म्हणजे राग अर्धा उतरला, हे छानरावांना ठाऊक होतं. उरलेल्या अर्ध्याची धास्ती होतीच.

गोदामात टेबलांच्या रांगा लागल्या होत्या आणि वास तरी किती! एकाने बीअरमध्ये वाळलेलं गवत घातलं होतं, एकीने गुलाब आणि मिरे, एकाने समुद्रातलं शेवाळ. मालकीण त्यांच्या टेबलापाशी येईपर्यंत छानरावांनी फेरी मारली, आणि काय सांगू, माणूस पिसाटला. आजवर त्यांनी चव घेतलीच नव्हती, घोट पोटात जायच्या आत उत्तर तयार असे. आज प्रत्येक पेल्याशी ते थबकत होते. गुलाबवालीला ते म्हणाले, "सुरुवात न्हाणीघरातल्या साबणाची आहे, पण शेवटी मिरी येते ना, ती जान आणते. गुलाब निम्मा करा." शेवाळवाल्याला म्हणाले, "खारट आहे, पण थांबा, गार वाऱ्यासारखं काहीतरी आहे यात. मला आवडलं! कमाल आहे, मला खरंच आवडलं!" धुळीची चव येते म्हटल्यावर गवतवाला आधी उखडला, मग आपल्याच पेल्यात नाक खुपसून म्हणाला, "हो की, धूळ लागतेय." छानराव परत आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते आणि डोळे चकाकत होते. कोणाचाही चेहरा कायमचा पडला नव्हता, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

मालकीण आली. तिने पेला उजेडात धरला, हुंगला, घोट घेतला. बाईंनी टेबलाची कड गच्च धरली.

"छान आहे," मालकीण म्हणाली.

"छान म्हणजे काय?" बाईंनी ताडकन विचारलं. "नीट सांगा. आमच्या घरी तो शब्द चालत नाही."

मालकीण दचकली. तिने पुन्हा घोट घेतला, या वेळी सावकाश. "जळक्या पावासारखी..." ती शब्द शोधत म्हणाली, "पण जळकी नाही. भाजकी. कडेकडेने गोड." तिने पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. "भरा अजून."

तिचा हात पुढे आलेला बघून छानरावांनी आनंदाच्या भरात बायकोच्या पाठीत असा गुद्दा मारला की ती टेबलावर पडता पडता वाचली. तासाभरात पिंप कोरडं पडलं, आणि मालकीण टेबलापाशी बसून बाईंशी मोठ्या टाकीत किती पाव लागेल याचा हिशेब करत होती. छानराव शेजारी उभे राहून, कोणी विचारलं नसताना, येणाऱ्या-जाणाऱ्याला खरपूस आणि करपट यातला फरक समजावत होते.

घरी परतताना रिकामी गाडी खडखडत होती. बाईंना इतका आनंद झाला होता की त्या मधेच थांबून एकट्याच हसत. चौक ओलांडल्यावर मात्र त्यांनी गाडी उभी केली.

"अहो, आता खरं सांगा. घरात आणखी काय काय छान नव्हतं?"

छानरावांना घाम फुटला. पळायला जागा नव्हती. पण आजचा दिवसच असा होता की जीभ आवरेना.

"बैठकीतले पडदे," ते म्हणाले. "ते जांभळे. मला रोज दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"मलाही!" त्या ओरडल्या. "पहिल्या दिवसापासून डोळ्यात खुपतायत मला! तुम्ही छान म्हणालात म्हणून ठेवले मी ते!"