अडव मला

एखाद्या माणसावर लिहिण्याइतका मी कोणी नाही, हे आधीच सांगतो आणि माफीही मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मराठी शाळा चौथीपर्यंत, ती विट्याजवळच्या गावात. पुढचं सगळं चेन्नईत, तमिळ आणि इंग्रजीतून. त्यामुळे कुठं चुकलं तर सांभाळून घ्या. पण मी लिहिलं नाही तर त्याच्यावर कोणी लिहील असं वाटत नाही.

उजव्या हाताची दोन बोटं तो स्वतःच्या छातीवर टकटक वाजवायचा आणि समोरच्याला म्हणायचा, "अडव मला." म्हणायचा इंग्रजीत, मी मराठीत लिहितोय. तुमच्यापैकी कोणी संध्याकाळी अण्णा नगरच्या बास्केटबॉलच्या मैदानावर जात असाल, तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. तो दिसला नाही असं होणं अवघडच होतं. रिक्षात बसला की त्याचे गुडघे ड्रायव्हरच्या पाठीत रुतायचे आणि ड्रायव्हर सगळा रस्ता वाकून रिक्षा चालवायचा.

तो अमेरिकेचा. तिथल्या मोठ्या संघांत त्याला कधी जागा मिळाली नाही, म्हणून कॉलेज संपल्यापासून तो देशोदेशी खेळत होता. कुठं वर्षभर, कुठं सहाच महिने. देशांची नावं तो क्वचितच घ्यायचा. मॅचआधी खायला काय मिळालं त्यावरून देश सांगायचा. उकडलेल्या बटाट्यांच्या देशात थंडीनं चेंडू उसळत नसे. खारवलेल्या माशांच्या देशात जर्सी कितीही धुतली तरी वास जात नसे. आमचा देश दहीभाताचा. दहीभात खाऊन झोप येते, उडी येत नाही, अशी त्याची तक्रार होती. तरी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा.

चेन्नईत नवी लीग सुरू होणार, प्रत्येक संघात एक परदेशी खेळाडू, असं सांगून त्याला आणलं होतं. राहायला फ्लॅट दिला. मग लीग पुढं ढकलली. आधी हॉल मिळेना, मग प्रायोजक मिळेना, मग कोणी काही सांगेना. संघाच्या मॅनेजरला फोन केला की तो "पार्क्कलाम सर" म्हणायचा, म्हणजे बघू. तमिळमधला हा पहिला शब्द तो शिकला. कोपऱ्यावरच्या इडलीवाल्या बाईंनी "आणखी दोन?" असं विचारलं की हा गंभीर चेहऱ्यानं "पार्क्कलाम" म्हणायचा आणि त्या हसत सुटायच्या.

लोक त्याला कोच म्हणायचे. तो दर वेळी थांबून सांगायचा, "कोच नाही. खेळाडू." एका शाळेनं मुलांना शिकवायला बोलावलं, तर तिथंही जाऊन हेच सांगून आला.

माझी त्याच्याशी ओळख झाली ती हातांमुळे. तात्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, टी. नगरला गलाईचं दुकान आहे. जुने दागिने वितळवून शुद्ध सोनं काढायचं काम. तापलेली मूस सांडशीत धरून ओतायची. हात हलला की सोनं सांडलं. मी ते काम शाळेत असल्यापासून करतोय. एकदा कुंपणाशी उभा राहून मी मोबाइलवर त्याचा खेळ टिपत होतो. खेळ थांबल्यावर तो सरळ माझ्याकडे आला, माझ्या हातातून फोन घेतला, चित्रण पाहिलं आणि म्हणाला, "तुझा हात हलत नाही. उद्यापासून माझे व्हिडिओ तू काढ." मला नाही म्हणता आलं नाही. तोवर माझ्यात कोणी हातांशिवाय दुसरं काही बघितलं नव्हतं, आणि हात बरे आहेत असंही कोणी म्हटलं नव्हतं.

व्हिडिओ कशाला हवेत ते हळूहळू कळलं. ताजा खेळ पाहिल्याशिवाय परदेशातला कुठलाच क्लब खेळाडू घेत नाही. त्याच्याकडचे व्हिडिओ जुने झाले होते. त्याला क्लब मिळवून देणारा एजंट अमेरिकेत बसून एकच गोष्ट मागत होता: नवा, खऱ्या मॅचचा व्हिडिओ. याचं वय पस्तिशीपुढं गेलेलं. हा हंगाम हुकला तर पुढच्या वर्षी कोणी व्हिडिओसुद्धा मागणार नव्हतं. म्हणून तो मैदानावरच्या पोरांच्या संघातून इथल्या संध्याकाळच्या स्पर्धांत उतरला. बँकांचे, रेल्वेचे, बंदराचे संघ. सिमेंटची मैदानं, दिव्यांभोवती किडे.

आणि तिथंच सगळं अडलं, कारण त्याला कोणी अडवेचना. तो चेंडू घेऊन निघाला की बँकेतले कॅशियर अदबीनं बाजूला व्हायचे. त्याची उडी नीट दिसावी म्हणून काहीजण आधीच मागं सरकून उभे राहायचे. एकदा त्यानं चेंडू वरून बास्केटमध्ये आदळला, तेव्हा ज्यानं त्याला रोखायचं त्यानंच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. तो प्रत्येकासमोर जाऊन छातीवर बोटं वाजवायचा, "अडव मला. प्लीज." समोरचे आनंदानं मान हलवायचे आणि पुन्हा वाट सोडायचे. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला धक्का मारायचा कसा?

एका रविवारी मी त्याला घरी जेवायला नेलं. दारातून आत यायला त्याला जवळजवळ बसावंच लागलं. आईनं भाकरी आणि झुणका केला होता. जेवणानंतर मी मोठ्या कौतुकानं तिला व्हिडिओ दाखवला. तिनं थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही माणसं वाट का देत्यात? ह्यो नवरदेव हाय का?"

मी त्याला इंग्रजीत सांगितलं. तो इतका हसला की तात्याही हसायला लागले. मग त्यानं व्हिडिओ पुन्हा एकदा पाहिला. जाताना दारात वाकून म्हणाला, "तुझ्या आईला बास्केटबॉल कळतो."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं सेल्वमला धरलं. सेल्वम रेल्वेच्या संघातला, विशीतला, उंच आणि कमालीचा लाजरा मुलगा. खेळाच्या कोट्यातून नुकताच नोकरीला लागलेला, अजून कायम झाला नव्हता. तो सकाळी ड्यूटीआधी यायचा. हा त्याला शिकवायचा: गुडघे वाकव, छाती इथं आण, हात डोळ्यांसमोर. वर म्हणायचा, असं अडव की मला राग आला पाहिजे. सेल्वम अंगावर आदळायचा आणि लगेच दोन्ही हात जोडायचा, "सॉरी सर."

शेवटी नियम झाला की एका सॉरीला मैदानाची एक फेरी. पहिले काही दिवस सेल्वम खेळण्यापेक्षा पळालाच जास्त. पळता पळता मला विचारायचा, "सर रागावले का रे?" मी सांगायचो, अजून नाही, प्रयत्न कर.

हळूहळू फेऱ्या कमी झाल्या.

मग रेल्वेविरुद्धची मॅच आली. सेल्वमच्या पाठीवर नऊ नंबर होता. पहिल्यांदा त्यानं याचा चेंडू अडवला, तेव्हा हा खुशीत हसला आणि त्यानं माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. दुसऱ्यांदाही हसला. त्यानंतर हसला नाही. डावीकडे वळताना त्याचा गुडघा साथ देत नव्हता. इतके दिवस समोर कोणी नव्हतंच, त्यामुळे ते कोणाला दिसलं नव्हतं. तो वळायचा तिथं सेल्वम आधीच उभा असायचा. लोकांनी टाळ्या वाजवणं बंद केलं. माझा हात हलला नाही. एकदा हलला असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

मॅचनंतर ज्यूसवाल्याकडून पिशवीत बर्फ आणून तो गुडघ्याला लावून पायरीवर बसला आणि त्यानं सगळा व्हिडिओ पाहिला. मी भीत भीत म्हणालो, त्या दोन चांगल्या बास्केट ठेवू, बाकीचं कापून टाकू.

"नको. सगळं पाठव."

"पण..."

"इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदा मॅच खेळलो. सगळं पाठव."

मी पाठवलं.

मग वाट बघणं. फ्लॅट सोडायची तारीख जवळ आली. तो दुपारी आमच्या दुकानात येऊन बसू लागला. तात्यांच्या स्टुलावर बसला की गुडघे हनुवटीपर्यंत यायचे. फोन मांडीवर उताणा. भट्टी चालू असताना दुकानात उभं राहवत नाही, पण तो उठायचा नाही. तात्या माझ्याकडे बघून खुणेनं विचारायचे, आलं का काही? मी नाही म्हणून मान हलवायचो. ते चहा मागवायचे.

एका दुपारी फोन वाजला. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. एजंटचा मेल होता, दोन-तीन ओळींचा. नऊ नंबरचा मुलगा कोण? वय किती? पासपोर्ट आहे का? आणि शेवटी: गुडघा जप.

त्याच्याबद्दल एवढंच.

मी फोन त्याला परत दिला. तो उठला, डोकं छताच्या पंख्यापासून वाचवत बाहेर आला आणि म्हणाला, "चल. मुलाला सांगायला हवं."

आम्ही रेल्वेच्या क्वार्टर्सला गेलो. सेल्वमनं दार उघडलं. आत त्याची आई देवापुढं पेढे ठेवत होती. तो त्याच आठवड्यात रेल्वेत कायम झाला होता. यानं त्याला सगळं सांगितलं, अगदी उत्साहानं, जणू मेल स्वतःसाठीच आला होता. सेल्वमनं ऐकून घेतलं. आईकडे पाहिलं. तिनं हातातलं पेढ्यांचं ताट खाली ठेवलं.

सेल्वमनं दोन्ही हात जोडले. "सॉरी सर."

तो दारातून वाकून आत आला. या वेळी त्यानं सेल्वमला पळायला लावलं नाही. ताटातला एक पेढा घेतला आणि जिना उतरायला लागला, डावा पाय आधी, कठड्याला धरून.