बंद रेडिओची वायर

ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, बहिणीजवळ नाही, खाणीवर ज्यांच्यासोबत वीस वर्षं डबा उघडला त्यांच्याजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलावं असं वाटतं आहे. मध्येच थांबलो तर थांबू द्या — मला हे सरळ सांगता येईल की नाही, माझा मलाच भरवसा नाही.

आधी झोपेचं सांगतो. म्हणजे सोपं जाईल.

अठ्ठ्याहत्तर साल असेल. नाकाडोंगरीजवळच्या एका मँगनीजच्या खाणीवर मी पंप चालवायचो. खड्ड्यात पाणी झिरपत राहतं, ते सतत उपसावं लागतं. माझी कायमची रात्रपाळी. सकाळी घरी यायचं, आंघोळ करायची, भात खायचा आणि झोपायचं. पण झोप यायची कुठून? खाणीच्या लाईनीत दोन खोल्यांचं क्वार्टर, वर टिनाचं छत, दारासमोरच नळ. नळावर बाया, बादल्या, भांडणं. दुपारी सुरुंग उडाले की फळीवरची ताटं वाजायची. आणि सगळं शांत झालं तरी डोक्यात पंप सुरूच असायचा — धडधड, धडधड. डोळे सुजून गेले होते. विनाकारण चिडायचो.

भिलाईच्या चुलतभावानं तेव्हा मला एक छोटा ट्रान्झिस्टर दिला. सोबत कानात घालायची वायर होती. एकाच कानाची. एका टोकाला पांढरट बोंड, दुसऱ्या टोकाला पिन. पिन रेडिओत खोचली की बाहेरचा आवाज बंद, गाणं फक्त माझ्या कानात. रेडिओ उशीखाली ठेवायचा, एक कान उशीत, दुसऱ्यात वायर. पहिल्याच दिवशी मी दुपारचे चार वाजेपर्यंत झोपलो. उठलो तेव्हा समोरची भिंतसुद्धा नवी दिसत होती. इतकं बरं वाटलं होतं मला.

घरात आम्ही तिघं. मी, माझी बायको शेवंता आणि माझी धाकटी बहीण विमल. विमल एकोणीस वर्षांची होती. मॅट्रिकला बसली, नापास झाली, म्हणून आमच्या वडिलांनी, बाबुजींनी, तिला आंबागडहून माझ्याकडे शिवणकाम शिकायला पाठवलं होतं. दोघींचं फार जमलं. इतकं जमलं की कधी कधी मलाच त्या घरात पाहुण्यासारखं वाटायचं. मी आत आलो की त्यांचं हसणं थांबायचं. हे मी तेव्हा मनात धरलं होतं का? धरलं असेल.

मग एक दिवस रेडिओचे सेल संपले. मी तसाच पडलो होतो, डोळे मिटून, बोंड कानात. पलीकडे विमलची कात्री चालू होती. कात्री थांबली आणि ती हळूच म्हणाली, "वयनी, दादा आयकन नं."

"कायचा आयकते," शेवंता म्हणाली. "कानात गाने सुरू हायेत. डोक्यापाशी ढोल वाजवला तरी हे उठत नाहीत."

मग आवाज आणखी खाली गेला. चिठ्ठी, बाजाराचा दिवस, मधुकरबाबू — एवढेच शब्द मला धड ऐकू आले. आणि शेवटी शेवंता म्हणाली, "त्याईले सांगजो नोको."

मधुकर म्हणजे आमच्या खाणीचा हजेरीबाबू. फाटकाजवळच्या खोलीत बसायचा. उंच, केस मागे वळवलेले, सगळ्यांशी गोड बोलणारा. त्याची चिठ्ठी माझ्या घरात? आणि ते माझ्यापासून लपवायचं?

मी त्या दिवशी उठून विचारू शकलो असतो. घर माझं, बायको माझी — अडचण काय होती? पण मी उठलो नाही. संध्याकाळी नवे सेल आणले आणि दुसऱ्या दिवशी रेडिओत घातलेच नाहीत. बोंड कानात जरा सैल ठेवलं, म्हणजे खोलीतलं ऐकू येईल. श्वास लांब सोडला, झोपलेल्या माणसासारखा. शेवंतानं येऊन विचारलं, "चहा मांडू का?" मी हललो नाही. ती परत गेली आणि दोघी बोलू लागल्या.

असं मी एक दिवस नाही, जवळजवळ दीड महिना केलं.

मला वाटत होतं चिठ्ठी शेवंतासाठी आहे. हे सांगतानाही लाज वाटते, पण तसंच वाटत होतं. बाजाराच्या दिवशी ती कोणतं लुगडं नेसते, ते मी अर्धवट डोळ्यांनी पाहायचो. परतायला किती वेळ लागला, ते मोजायचो. तिनं केसांना तेल लावलं तरी वाटायचं, कोणासाठी? मधुकर फाटकावर "काय भाऊ, झोप झाली का?" असं विचारायचा आणि मी त्याच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत राहायचो. झोप पार गेली. पंपावर डुलक्या येऊ लागल्या, एकदा पाणी दुसऱ्या टप्प्यापर्यंत चढलं आणि सुपरवायझरनं सगळ्यांसमोर झापलं. तरीही सकाळी घरी आलो की वायर कानात. रोज.

मग एका दुपारी उलगडा झाला. विमल रडत होती. म्हणत होती, "बाबुजी कधीच हो म्हनत नाहीत, वयनी. तो आपल्या जातीचा नाही. मले मारून टाकतीन."

म्हणजे चिठ्ठी विमलची होती. शेवंता फक्त मधली होती, निरोप नेणारी.

मला आधी काय वाटलं, सांगू? सुटल्यासारखं वाटलं. बहीण पलीकडे रडत होती आणि मला पांघरुणात हसू येत होतं. मग थोड्या वेळानं राग आला. पण तो राग जातीचा होता, की बहिणीच्या अब्रूचा, की या दोघींनी दीड महिना मला मूर्ख बनवलं याचा? आज विचारलंत तर मी म्हणेन, तिसरा. मीच त्यांना फसवत होतो, हे त्या वेळी डोक्यात आलंच नाही.

आणि आता ते, जे सांगायला इतका वेळ लावला. त्याच दुपारी, विमलचं रडणं थांबल्यावर, शेवंता तिला म्हणाली, "मी बोलीन त्याईच्याशी. चांगली येळ पाहून मीच बोलीन. ते मामाजीले समजावतीन. त्याईचं मन वाईट नाही, विमल."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, आमचे बाबुजी. हे मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. शेवंता बोलेपर्यंत मी नुसता थांबलो असतो तरी चाललं असतं.

रविवारी सुट्टी होती. मी सायकल काढली आणि आंबागडला गेलो. धानाची कापणी सुरू होती, बाबुजी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, भारे बांधत होते. मी बांधावर उभा राहून त्यांना सगळं सांगितलं — मुलाचं नाव, चिठ्ठ्या, बाजार. फक्त शेवंताचा हात त्यात आहे, हे सांगितलं नाही. तेवढंच वाचवलं मी तिला. आणि मी सांगितलं हे कोणाला कळू देऊ नका, म्हणून त्यांच्याकडून शपथ घेतली. ते म्हणाले, "तू घरात बोलला काहून नाही? मोठा भाऊ हायेस तू."

घरात बोललो असतो तर त्या विचारणार होत्या, तुम्हाला कसं कळलं. मग वायरचं सांगावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी बाबुजी आले. मला माहीत होतं ते येणार. मी वायर कानात घालून पडून होतो. त्यांनी विमलला कपडे बांधायला सांगितले, आवाजही चढवला नाही. "मले सारं मालूम हाये," एवढंच म्हणाले. विमलनं विचारलं कोणी सांगितलं. ते म्हणाले, आधी कपडे बांध. मग विमलचा आवाज आला — तो अजून माझ्या कानात आहे. "वयनी, तुलेच मालूम होतं. तुह्याशिवाय कोनाले मालूम नोहतं."

शेवंता नाही नाही म्हणत होती. मग धावत माझ्याकडे आली, मला हलवलं, खांद्याला धरून हलवलं. मी डोळे चोळले. कानातलं बोंड काढलं. आणि विचारलं, "काय झालं?"

माघात विमलचं लग्न झालं, साकोलीकडे, धानाची शेती असलेल्या घरी. नवरा सरळ माणूस निघाला, पण ते माझं पुण्य नाही. मधुकर त्याच उन्हाळ्यात नोकरी सोडून गेला. कुठे गेला, मी कधी चौकशी केली नाही.

विमल भाऊबीजेला यायची. मला ओवाळायची आणि शेवंतानं वाढलेलं ताट तसंच ठेवून बसनं परत जायची. एक वर्ष नाही, सहा वर्षं.

शेवंता आधी दुसऱ्यांवर संशय घ्यायची. नळावरच्या बाईनं पाहिलं असेल, शिवणाच्या बाईनं चिठ्ठी उघडली असेल. एकेकीशी बोलणं तोडलं तिनं. मी पडल्या पडल्या ऐकत होतो — हो, अजूनही ऐकत होतो, आता घरात माझ्याबद्दल काय बोलतात याची धास्ती होती. मग एक दिवस शेजारच्या काकूंना ती म्हणाली, "काकू, माह्याच तोंडून निंगालं असन. मले बोलाची सवय. कोनापाशी बोलून गेली असन आन मलेच आठोत नाही." काकूंनी समजूत काढली. पण तिनं ते धरलं ते धरलंच. हळूहळू ती बोलायचीच बंद झाली. नळावर पाणी भरून मुकाट्यानं आत. माहेरी गेली तरी कोपऱ्यात. कोणी काही सांगू लागलं की म्हणायची, मले नका सांगू.

एकदाच तिनं मला विचारलं. भात वाढता वाढता, माझ्याकडे न पाहता. "तवा तुमच्या कानात गाने सुरू होते नं?"

तिला संशय होता का? की फक्त एक दार लोटून पाहत होती? मला आजही कळलेलं नाही. मी म्हणालो, "हो." ती म्हणाली, "मले वाटलंच." आणि वरण वाढलं.

त्यानंतर मी ती वायर वापरली नाही. चुलीत टाकली. झोप येत नाही म्हणून कोणी काही सुचवलं तरी नको म्हणायचो.

विमलला दुसरा मुलगा झाला तेव्हा शेवंता स्वतःहून म्हणाली, साकोलीला जाऊ. सहा वर्षांत पहिल्यांदा. आम्ही भंडाऱ्याला बस बदलून गेलो. मी ओसरीवर बसलो, जावई धानाच्या रोगाबद्दल बोलत होते. मधे कुडाची भिंत. आत शेवंता म्हणत होती, "विमल, माह्याकडूनच बोलनं झालं असन. मले आठोत नाही, पन दुसरं कोनी नोहतंच. तुह्या पाया पडतो मी, मले माफ कर."

मी उठून आत जायला हवं होतं. चार पावलांवर दार होतं. मी जावयांना विचारलं, औषध कोणतं फवारलं.

आत दोघीही रडल्या. मग विमल म्हणाली, "झालं ते झालं, वयनी. मी इसरली." त्या दुपारी ती शेवंताच्या ताटात जेवली.

परतीच्या बसमध्ये शेवंता बोलू लागली. बाळाचं नाक कोणासारखं, विमलच्या सासूनं काय विचारलं, पुढच्या वेळी काय न्यायचं. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं. तुमसर येईपर्यंत ती थांबली नाही. घरी आल्यावर दिवा लावून ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मी बरोबर केलं नं?"

मी म्हणालो, "बरोबर केलं."