आमलीच्या खोलीतलं एकच पातेलं

मंडळी, आज सकाळी माझ्या जुन्या रूममेटचा, भागवतचा, नाशिकहून फोन आला, तेव्हापासून कशात लक्ष लागत नाहीये.

नव्वदच्या दशकात आम्ही धुळ्याकडची पाच पोरं सिल्वासाला, आमलीत एका खोलीत राहायचो. सगळे सूत कारखान्यात, स्वयंपाक पाळीने. एवढा घाम जातो म्हणजे मीठ जास्तच हवं, असा आमचा ठाम समज. भाजीवर वरून मीठ, शिवाय लोणचं, पापड.

एकदा माझं डोकं फार दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात गेलो, तर बीपी भलतंच वाढलेलं. तिशीही गाठली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "भाई, नमक कम करो, नहीं तो दिल पे आएगा."

खोलीवर येऊन मी माझी भाजी वेगळी शिजवायला घेतली. भागवतने पातेलं हिसकावलं. "वेगळं काही नाही. तू खाशील तेच आम्ही खाऊ."

अळणी भाजी खाताना चौघांची तोंडं बघवत नसत. पण लोणचं संपल्यावर बरणी कोणी परत आणली नाही. मला मात्र कायम अपराधी वाटायचं.

आज भागवत म्हणाला, "भाऊ, माझे वडील आणि मोठा भाऊ हार्ट अटॅकने गेले, म्हणून घाबरत तपासणी केली. सगळं चांगलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, मीठ कमी खाता का, कधीपासून? म्हटलं, आमलीपासून. तुझे उपकार रे."

माझे? पातेलं तर त्यानेच हिसकावलं होतं.

तुमच्या घरात कोणाला पथ्य आहे का? त्याचं पातेलं वेगळं आहे, की सगळ्यांचं एकच?