एका चिठ्ठीवरच्या तीन तारखा

ती घटना आठवली की आजही आधी तो कागद डोळ्यांपुढे येतो. तेव्हा मी मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात, कन्नौदला ठाणेदार होतो. एका औषध दुकानदाराचा फोन आला, "साब, एक ही पर्चा, तीसरी बार. तारीख घिस के बदली है. नशे का मामला लगता है."

शिपाई पाठवून त्या माणसाला आणवलं. देवासच्या कारखान्यातला कारकून, तिशीतला, आपल्याच मराठी घरातला. ठाण्याच्या रोजनामच्यात नोंद करून मी डॉक्टरांची ती चिठ्ठी उजेडात धरली. खोडलेल्या दोन्ही तारखा वाचता आल्या. अंतर दर वेळी महिनाभराचं आणि गोळ्या सात दिवसांच्या. नशेबाज तीन आठवडे थांबत नाही.

"देवासला दुकानं नाहीत?"

"तिथे ओळखतात, साहेब." त्याने शिपायाकडे पाहिलं.

शिपायाला मी बाहेर पाठवलं. मग तो बोलला. बाहेरगावी एकदा चूक झाली होती. लघवीला जळजळ होऊ लागली, तपासणीत क्लॅमिडिया, म्हणजे शरीरसंबंधातून लागणारा संसर्ग, निघाला. गोळ्यांनी बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

"डॉक्टर म्हणाले होते, बायकोलाही आणा. पण तिला काहीच त्रास नाही. सांगितलं तर माहेरी निघून जाईल."

नाव न सांगता मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "बायकांना बहुधा काहीच जाणवत नाही, पण जंतू असतात. हा बरा होतो आणि तिच्याकडून परत घेतो. दोघांनी एकदमच औषध घ्यायचं आणि पूर्ण बरे होईपर्यंत लांब राहायचं. अंगावर काढलं तर तिला मूल होणं अवघड जाईल."

तो खाली पाहत म्हणाला, "दोन वर्षं आम्ही त्याचीच वाट बघतोय."

"मग आज घरी जाऊन सांगा."

दुकानदाराला तक्रार द्यायची नव्हती. खाडाखोडीबद्दल लेखी समज देऊन मी कारकुनाला सोडलं.

आठवड्याने नवरा-बायको दोघं ठाण्यात आले. तिला खात्री करायची होती. "साहेब, हे चिठ्ठीसाठीच पकडले गेले ना? आणखी काही नाही?"

"आणखी काही नाही."

ती नवऱ्याकडे वळली. "तीनदा एकट्यानं औषध आणायला गेलात. मला सांगायला थाना लागला तुम्हाला." राग होता, पण तिच्या पिशवीत दोघांच्या दोन चिठ्ठ्या होत्या. तीन महिन्यांनी त्याचा फोन आला. दोघांच्याही तपासण्या स्वच्छ आल्या होत्या.

नोकरीभर मी माणसं वेगवेगळी बसवून जबाब घेतले. हे एक प्रकरण दोघं शेजारी बसल्यावरच सुटलं.